चौदा जणांची सदनिका, एकच दरवाजा आणि रात्री त्याला बाहेरून कुलूप: मालकाकडून दुरुस्ती कशी करून घ्यावी?

नवीपेठकर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. आमची सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे. तीन खोल्या आणि हॉल मिळून चौदा कॉट टाकलेल्या आहेत आणि प्रत्येकी ४,५०० रुपये भाडे आहे. मालक कोथरूडला राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो, आणि एरवी माणूस वाईट नाही.

गेल्या मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास हॉलमध्ये जळका वास येऊ लागला. भिंतीवरच्या बोर्डात लावलेल्या इंडक्शनचा प्लग काढायला गेलो, तर प्लग सॉकेटला चिकटला होता आणि पांढरे प्लास्टिक भोवतीने चहाच्या डागासारखे तपकिरी पडले होते. मेन स्विच बंद केल्यावर वास थांबला. पण खरी भीती त्यानंतर वाटली. बाहेर पडावे म्हणून दार उघडले, तर पुढच्या सरकत्या जाळीला नेहमीप्रमाणे बाहेरून कुलूप होते. देखरेखीसाठी ठेवलेले गृहस्थ रात्री अकराला कुलूप लावतात आणि पलीकडच्या इमारतीत झोपायला जातात. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत ग्रिल आहे. म्हणजे आग लागली असती, तर चौदा जणांना बाहेर पडायला एकही वाट नव्हती.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "मागच्या वर्षी दोन लॅपटॉप चोरीला गेले, तेव्हा तुम्हीच कुलूप मागितले होते. वायरिंगचे दिवाळीनंतर बघू." आमच्याकडे लेखी करार नाही, फक्त मोबाईलवरून पाठवलेल्या भाड्याच्या नोंदी आहेत. परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे तक्रार केली आणि कॉट गेली तर काय, या धास्तीने निम्मी मुले गप्प आहेत. अशा वेळी मालकाकडून काम करून घेण्याचा मार्ग कोणता? कोणी करून घेतले असेल, तर कृपया सविस्तर सांगावे.

दोन_ओळी

बाकी सगळे नंतर पाहा, बाहेरून कुलूप लावणे आज रात्रीच थांबवा.

तारतंत्री

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे आणि पेठांमधल्या अशा बऱ्याच जागा पाहिल्या आहेत, म्हणून सॉकेटविषयी आधी लिहितो. साधा इंडक्शन २,००० वॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला तो जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. हॉलमधल्या बोर्डावरचे सॉकेट बहुधा सहा अँपिअरचे असते आणि ते मोबाईल, टेबलपंखा, दिवा यांच्यासाठी असते. त्यावर रोज दोन वेळा पाऊण तास स्वयंपाक झाला, की आतले पितळी पाते तापते, त्याची पकड सैल होते, सैल झाल्यामुळे ते आणखी तापते, आणि एक दिवस तुम्ही पाहिलेला तपकिरी डाग दिसतो. तो डाग म्हणजे सॉकेट कितीतरी आठवडे जळत आल्याची खूण असते.

आता एक गोष्ट स्वतः पाहा, मात्र हात न लावता. मीटरजवळच्या बोर्डात एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे स्विच आहेत, की जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत? जुने फ्यूज असतील, तर त्यांत कोणती तार बसवली आहे? वारंवार फ्यूज उडतो म्हणून जाड तांब्याची तार पिळून बसवण्याची सवय फार ठिकाणी आढळते. तसे केले, की फ्यूज उडत नाही आणि त्याऐवजी भिंतीतली वायर तापत राहते. आणखी एक, विजेच्या बिलावर 'मंजूर भार', म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे, ते छापलेले असते. चार इंडक्शन आणि एक गीझर एकाच वेळी सुरू असतील, तर दहा किलोवॉटच्या आसपास भार होतो. बिलावर तीन किलोवॉट असेल, तर मालकांना दाखवायला तो एक कागदच पुरेसा आहे.

नवीपेठकर

तारतंत्री, आताच खाली जाऊन पाहिले. एमसीबी एकच आहे, बाकी तीन फ्यूज आहेत आणि एकात आपण म्हणता तशीच पिळलेली तार दिसते. बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट आहे.

कर्वेनगरचा_मालक

मी स्वतः दोन सदनिका विद्यार्थ्यांना देतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कॉट देताना आम्ही 'खोलीत स्वयंपाक करायचा नाही' असे स्पष्ट सांगतो. मेसचे दर वाढले, की मुले गुपचूप इंडक्शन आणतात, एकाच बोर्डावर तीन पिनांचे जोड लावतात आणि सॉकेट जळाले, की मालक दोषी ठरतो. पहिल्याच दिवशी अग्निशमन दलाकडे तक्रार गेली, तर कोणताही मालक बिथरेल. मी स्वतः मागच्या वर्षी स्वयंपाकघरात स्वतंत्र वायर ओढून सोळा अँपिअरचे तीन पॉइंट काढले, त्यासाठी प्रत्येक कॉटमागे दरमहा दोनशे रुपये जास्त घेतले, आणि एकाही मुलाने कुरकुर केली नाही. आधी समोर बसून बोला.

वसतिगृह_ताई

कर्वेनगरचा_मालक, तुमच्यासारखे मालक असतील, तर बोलणे पुरते, हे मला मान्य आहे. पण माझा अनुभव वेगळा आहे. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलींच्या एका पेइंग गेस्ट जागेत राहत होते. तिथे जिन्यावर जुन्या गाद्या रचून ठेवलेल्या होत्या आणि आम्ही सात महिने समोर बसूनच बोलत होतो. दर वेळी "पुढच्या रविवारी हलवतो" हे उत्तर मिळायचे. शेवटी आम्ही नऊ जणींनी एका कागदावर सह्या करून तारखेसह पत्र दिले आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर मालकीणबाईंची सही घेतली. गाद्या चौथ्या दिवशी हलल्या. तोंडी बोलण्याला तारीख नसते, म्हणून ते पुढे ढकलता येते. शिवाय नऊ सह्या असल्यामुळे कोणा एकीला बाजूला काढता आले नाही. एकटीने सही केली असती, तर मीच बाहेर पडले असते, याबद्दल मला शंका नाही.

निवृत्त_जवान

तीस वर्षे अग्निशमन दलात काढली, म्हणून कुलपाविषयी कळकळीने लिहितो. अशा जागांमध्ये माणसे ज्वाळांनी क्वचित मरतात, ती धुराने मरतात. गादीचा फोम, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरचे वेष्टन हे सगळे जळू लागले, की काही मिनिटांतच खोलीतला धूर डोक्यापासून कमरेपर्यंत उतरतो आणि दिवे गेलेले असतात. त्या अंधारात चौदा पोरे जाळीपाशी येतात आणि किल्ली दुसऱ्या इमारतीत असते. हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे, ते इथे जास्त लिहीत नाही.

२४ मे २०१९ ला सुरतेत शिकवणी वर्गांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा खाली येण्याची वाट बंद झाल्यामुळे मुलांनी वरून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जी नगरमध्ये विजेच्या मीटरपाशी आग लागली आणि मुले खिडक्यांतून दोरांना धरून खाली उतरली. ती वाचली, कारण त्या खिडक्यांना ग्रिल नव्हते. तुमच्या बाल्कनीला आहे. म्हणून मालकांना पत्र द्याल, तेव्हा पहिला मुद्दा वायरिंगचा नको, वाटेचा हवा. आग लागण्याची कारणे शंभर असतात आणि ती सगळी कोणालाच बुजवता येत नाहीत. बाहेर पडण्याची वाट मात्र शंभर रुपयांच्या खटक्याने मोकळी होते.

आखाती_अभियंता

निवृत्त_जवान यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी कुवेतमध्ये नोकरी करतो. १२ जून २०२४ ला मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, तेव्हा मी तिथून फार लांब नव्हतो. तळमजल्यावर विजेच्या बिघाडाने सुरुवात झाली, दीडशेहून अधिक कामगार झोपेत होते, धूर जिन्याने वर चढला आणि गच्चीवर निघू पाहणाऱ्यांना तिथले दार कुलूपबंद सापडले. चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. खोल्यांचे भाग पाडण्यासाठी सहज पेटणाऱ्या साहित्याचे आडोसे घातले होते, हेही नंतर चौकशीत पुढे आले. नवीपेठकर, तुमच्या हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे असतील, तर पत्रात त्यांचाही उल्लेख करा. आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे आजच विचारून घ्या.

नवीपेठकर

हॉलमध्ये प्लायवूडचे दोन आडोसे आहेत. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते, असे कळले.

इमारत_सचिव

मी दुसऱ्या एका सोसायटीचा सचिव आहे, तेव्हा सचिवांच्या अडचणी सांगतो. गच्चीला कुलूप लावले नाही, तर तिथे पार्ट्या होतात आणि टाकीत घाण पडते, ही तक्रार सभासदच करतात. तरीही आमच्या इमारतीत आम्ही दोन वर्षांपूर्वी कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली आणि दाराला वाजणारी घंटा लावली. रात्री कोणी दार उघडले, तर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते. त्यानंतर पार्ट्याही थांबल्या.

नवीपेठकर यांना एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. जिना, मीटरची जागा, गच्ची आणि वाहनतळ ही जबाबदारी सोसायटीची असते, तर सदनिकेच्या आतले वायरिंग, जाळी आणि ग्रिल ही मालकाची. सगळे एकाच पत्रात लिहिले, की मालक सोसायटीकडे बोट दाखवतात आणि सोसायटी मालकाकडे. दोन वेगळी पत्रे द्या आणि प्रत्येकाला दुसऱ्याची प्रत द्या. मीटरखाली दुचाकी लावलेल्या असतील, तर सोसायटीच्या पत्रात तो पहिला मुद्दा असू द्या. गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ ला खालच्या पार्किंगमध्येच आग सुरू झाली होती आणि धुराने वरच्या मजल्यावरच्यांना गाठले होते.

ठाण्याची_वकील

कायद्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहिते, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने मालक आणि भोगवटादार, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा, या दोघांवर जबाबदारी टाकली आहे. ज्या इमारतींमध्ये अग्निशमन यंत्रणा बसवलेली असते, तिथे ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यावे लागते. तुमच्या सोसायटीने ते दिले आहे का, हे माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अधिकाऱ्यांना तपासणी करून नोटीस देण्याचा अधिकार आहे. धोका गंभीर आढळला, तर जागा रिकामी करायला लावण्याचा आणि वीज-पाणी तोडायला सांगण्याचाही आहे. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा, कारण तक्रारीचा परिणाम तुमच्याही डोक्यावरचे छप्पर जाण्यात होऊ शकतो.

आता भाड्याविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल, तर जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने काम केले नाही, तर भाडेकरूंना ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हे वाचून लगेच भाडे कापायला जाऊ नका. ही सवलत भाडेकरूसाठी आहे, आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्याला मालक 'हा फक्त परवानाधारक आहे', म्हणजे भाडेकरू नव्हे, नुसती राहण्याची परवानगी दिलेला माणूस आहे, असे म्हणणार, हे ठरलेले आहे. तो वाद परीक्षेच्या तोंडावर अंगावर घेण्यासारखा नाही.

तुमचे खरे बळ कलम ५५ मध्ये आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्या कलमाने मालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे असते. म्हणून लेखी करार नाही, या गोष्टीने तुम्ही घाबरण्याचे कारण नाही, काळजी मालकांनी करायची आहे. पत्रात या कलमाची धमकी देऊ नका. "दुरुस्तीबरोबरच आपला करारही नोंदवून घ्यावा, ही विनंती" एवढे एक वाक्य पुरे. ज्याला समजायचे, त्याला समजते.

दोन_ओळी

वाचनखूण साठवली. कलम ५५ चे मला आजच कळले, मी सहा वर्षे भाड्याने राहतो.

लेस्टरवासी

इंग्लंडमधील पद्धत तुलनेसाठी सांगतो. मी इथे शिकायला आलो, तेव्हा सहा जणांच्या घरात राहत होतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये एकाच कुटुंबातले नसलेले पाच किंवा अधिक लोक एका घरात राहत असतील, तर मालकाला स्थानिक परिषदेचा परवाना घ्यावा लागतो. आमच्या स्वयंपाकघराचे आग अडवणारे दार मालकाने काढून टाकले होते, कारण ते आपोआप मिटायचे आणि येता-जाता त्रास व्हायचा. आम्ही दोनदा इमेल केले, उत्तर आले नाही, तेव्हा परिषदेकडे छायाचित्रांसह तक्रार केली. निरीक्षक आला, त्याने दार बसवायला लावले आणि धूर ओळखणारे सगळे गजर स्वतः वाजवून पाहिले. परिषदेने सुधारणेची नोटीस काढली, तर त्यानंतर सहा महिने मालकाला विनाकारण घर सोडायला लावता येत नाही, असा तेव्हा नियम होता. नवीपेठकर यांची भीती वाचताना मला तो नियम आठवला. तक्रार करणाऱ्याला काही काळ तरी संरक्षण मिळावे, ही तरतूद आपल्याकडे असती, तर गप्प बसलेली निम्मी मुले बोलली असती.

कर्वेनगरचा_मालक

वकीलताईंचा प्रतिसाद वाचून मी स्वतःचे दोन्ही करार तपासले. एक नोंदवायचा राहून गेला होता, तो या आठवड्यात करतो. लेस्टरवासी यांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणतो, की पेठेत एक कॉट रिकामी झाली, तर दुसऱ्या दिवशी भरते, त्यामुळे मालकाला मुलगा गेल्याचे दुःख होत नाही, हे दुर्दैवाने खरे आहे. पण चौदाच्या चौदा गेले, तर महिन्याचे ६३,००० रुपये थांबतात, आणि नंतर नवी मुले येऊन विचारतात, की आधीची का गेली. वसतिगृह_ताईंचे सह्यांचे पत्र योग्य आहे, हे मी मान्य करतो. फक्त पत्रासोबत खर्चाचा अंदाजही द्या. मालकाला 'वायरिंग बदला' म्हटले, की त्याच्या डोळ्यांपुढे लाख रुपये येतात आणि तो दिवाळीची गोष्ट काढतो.

तारतंत्री

योग्य सूचना आहे. अंदाज मिळवायला अवघड नाही. परवाना असलेल्या एखाद्या ठेकेदाराला जागा दाखवा आणि त्याच्याकडून तीन कामांचा वेगवेगळा खर्च लेखी घ्या: फ्यूज काढून प्रत्येक खोलीला स्वतंत्र एमसीबी, मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली, की पुरवठा तोडणारा स्विच), आणि स्वयंपाकघरापर्यंत जाड वायर ओढून सोळा अँपिअरचे पॉइंट. या तीन कामांसाठी सगळी भिंत फोडावी लागत नाही, पट्टी मारून वरूनही करता येते. काम झाल्यावर ठेकेदाराकडून चाचणी अहवाल मागा. मंजूर भार वाढवायला तो लागतोच, आणि पुढे कोणी विचारले, तर मालकांच्या हातात कागद असतो. तोवर हॉलमधले ते सॉकेट वापरू नका, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. आणि इंडक्शन एका वेळी एकच.

नवीपेठकर

मंडळी, उत्तर द्यायला सतरा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. काय झाले, ते सांगतो.

पहिल्या रात्री आम्ही देखरेख करणाऱ्या गृहस्थांना जाळीपाशी बोलावले आणि त्यांना आत उभे करून बाहेरून कुलूप लावले. दोनच मिनिटे ते आत होते. काही न बोलता त्यांनी किल्ली आमच्या हातात दिली आणि तेव्हापासून कुलूप आतल्या बाजूने लागते. पण आतून लावले तरी ते कुलूपच असते आणि अंधारात किल्ली शोधावी लागते, म्हणून पत्रात पहिला मुद्दा तोच घेतला.

पत्रावर आधी सहा सह्या झाल्या. मग निवृत्त_जवान यांचा प्रतिसाद मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा बाकीच्या आठही जणांनी सह्या केल्या. ठेकेदाराचा अंदाज ३८,००० रुपयांचा आला, तो जोडला. मंजूर भाराचे बिल, जळालेल्या सॉकेटचे छायाचित्र आणि कराराविषयी वकीलताईंनी सुचवलेले एक वाक्य, एवढेच दिले, धमकी कुठेही नव्हती. काका रविवारी स्वतः आले. सॉकेट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "माझ्या मुलाला मी इथे झोपवले नसते." मग त्यांनी जाळी कायमची उघडी ठेवून लाकडी दाराला नाईट लॅच बसवायला होकार दिला, म्हणजे बाहेरून किल्ली लागते आणि आतून नुसता खटका फिरवला, की दार उघडते. ते काम झाले. फ्यूज गेले, एमसीबी आणि आरसीसीबी आले. स्वयंपाकघराचे पॉइंट पुढच्या आठवड्यात होतील. आम्ही तीन महिने कॉटमागे दीडशे रुपये जास्त देणार आहोत. प्लायवूडचे आडोसे काढले आणि त्यामुळे हॉलमधल्या दोन कॉट कमी होतील. त्या दोघांना काकांनी खालच्याच मजल्यावर त्यांच्या ओळखीत जागा मिळवून दिली.

झाले नाही ते असे: बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी करायला काका अजून तयार नाहीत, चोरीची भीती त्यांच्या मनातून जात नाही. आणि सोसायटीच्या पत्राला उत्तर नाही. मीटरखाली आजही सात दुचाकी उभ्या आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज काल टाकला.

वसतिगृह_ताई

चौदाही सह्या झाल्या, हे वाचून फार बरे वाटले. पत्राचा मसुदा नावे काढून इथे टाकाल का? माझ्या धाकट्या बहिणीच्या जागेत हाच प्रश्न आहे.

इमारत_सचिव

सोसायटीकडून उत्तर आले नाही, तर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असे पत्र तुमच्या मालकांकडून द्या. सभासद ते आहेत, तुम्ही नाही, त्यामुळे त्यांच्या सहीचे पत्र आम्हाला बाजूला ठेवता येत नाही.

नवीपेठकर

मसुदा आज रात्री टाकतो. काकांना सभेच्या पत्राचे उद्याच विचारतो.

निवृत्त_जवान

शाबास पोरांनो. आता एक काम करा. आज रात्री मेन बंद करून, सगळे आपापल्या कॉटवर आडवे असताना, एकेकाने उठून दारापर्यंत या आणि तो खटका हाताला लागतो का, ते पाहा. ओणवे होऊन या, कारण धूर वर असतो. ज्याला सापडणार नाही, त्याने पुन्हा करावे. दारावर खटक्याच्या उंचीला अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा. शेवटच्या माणसाला किती वेळ लागला, ते इथे लिहा.

नवीपेठकर

केले. पहिल्या वेळी शेवटचा मुलगा दोन मिनिटे दहा सेकंदांनी पोहोचला, कारण हॉलमध्ये चपलांचा स्टँड आडवा येत होता. स्टँड जिन्यावर न ठेवता बाल्कनीत हलवला आणि पुन्हा केले. या वेळी पन्नास सेकंद लागले.